फोन आईचा, घंटी माझ्याकडे

आमच्या घरात सध्या माणसे तीन आणि फोन सहा आहेत. अकोल्याला जठारपेठेतल्या जुन्या घरी आई एकटी राहते. तिच्याकडे तीन फोन. पहिला लँडलाइन. त्याचा नंबर सगळ्या नातेवाइकांना गेली तीस वर्षे पाठ आहे. मधे एकदा त्याच्या आधी एक २ चिकटला, एवढाच काय तो बदल. दुसरा बटणांचा मोबाईल, जो ती बटव्यात ठेवते. तिसरा नातवाने घेऊन दिलेला स्मार्टफोन. तो टीव्हीशेजारी रुमालाने झाकलेला असतो आणि पुण्यातली नात बघायची असेल तेव्हाच उघडतो. इकडे अमरावतीला माझ्याकडे दोन, एक नोकरीच्या काळापासूनचा आणि एक घरचा. बायकोचा एक. एवढी सगळी सरबराई असूनही आमच्याकडची रोजची तक्रार एकच, ‘फोन केला होता, कोणी उचलला नाही.’

अकोल्याचा कोड ०७२४ आणि अमरावतीचा ०७२१. कागदावर अंतर तिनाचे. रस्त्यावर मात्र ते शंभर किलोमीटरच्या आसपास भरते. २०२३ च्या एप्रिलमधली एक दुपार. सकाळी अकरापासून आईचा एकही फोन उचलला जात नव्हता. लँडलाइन वाजत होती, मोबाईल वाजत होता. वय ८२, बाहेर ऊन अकोल्याचे. दोन वाजता मी गाडी काढली. या रस्त्याचे एक बरे आहे. जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान ७५ किलोमीटर लांबीचा एक पदर १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी करून त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधी खड्डे मोजत जाणाऱ्या आम्हा लोकांना हे अजूनही खरे वाटत नाही. पोहोचलो तर आई शेजारच्या गच्चीवर कुरड्या घालत होती. दोन्ही हात चिकाने भरलेले, बटवा खुंटीला. मला बघून म्हणाली, “काहून आला रे मधातच?”

त्या दिवाळीत भाऊबीजेला सगळे जमले तेव्हा माझ्या भाच्याने हा प्रश्न निकालात काढला. तो संगणकातला. त्याने आजीचे फोन मागवले, माझे मागवले, मामीचाही मागवला आणि दहा मिनिटांत सगळे एकमेकांत ओवून टाकले. लँडलाइनवर ती सोय आधीच चालू करून घेतली होती. त्यावरचे फोन आईच्या मोबाईलवर, मोबाईलवरचे माझ्याकडे, माझा फोन व्यस्त असेल तर बायकोकडे. याला कॉल फॉरवर्डिंग म्हणतात. मी त्याला ‘फोन वळवणे’ म्हणतो, आपल्याकडे पाणी वळवतात तसे. आईला आम्ही सांगितले, “तू उचलला नाहीस तर फोन माझ्याकडे येईल.” तिने मान डोलावली.

इथे थोडे तांत्रिक सांगायला हवे, कारण सगळे रामायण त्यातच आहे. मोबाईलवर फोन वळवण्याचे चार प्रकार असतात. पहिला, सगळेच फोन वळवायचे. दुसरा, फोन व्यस्त असेल तेव्हाच. तिसरा, ठरावीक सेकंद वाजूनही उचलला नाही तर. चौथा, फोन बंद असेल किंवा रेंजमध्ये नसेल तर. फोनच्या सेटिंगमध्ये हे चारही एकाखाली एक लिहिलेले असतात आणि पहिला सगळ्यांत वर असतो. भाच्याने पहिलाच निवडला. या प्रकारात मूळ फोन वाजतच नाही. त्याची मालकीण शेजारी बसून तूर निवडत असली तरी तिला पत्ता लागत नाही. येणारा फोन थेट दुसऱ्याच्या खिशात वाजतो.

हे माझ्या लक्षात आले नाही असे मी म्हणू शकलो असतो. पण आठवडाभरात आले होते. आईचे सगळेच फोन माझ्याकडे येत होते. भजनी मंडळाच्या बायका, गॅसवाला, बँकेतून हयातीच्या दाखल्याबद्दल विचारणारी मुलगी, तिचे माहेरचे लोक. मी दुरुस्ती केली नाही. खरे सांगायचे तर मला ते बरे वाटले. आईच्या जगात काय चालले आहे ते मला घरबसल्या कळू लागले. कोणत्या फोनने तिला उगाच त्रास होईल आणि कोणता तिच्यापर्यंत जाऊ द्यावा हे मी ठरवू लागलो. भजनी मंडळाला मी परस्पर सांगून टाकले की थंडी आहे, आई येणार नाही. ‘सांगतो’ हा शब्द त्या तीन महिन्यांत मी किती वेळा उच्चारला याची गणती नाही.

अमेरिकेतल्या कॅन्सस शहरात आल्मन स्ट्रोजर नावाचा एक गृहस्थ होता. धंदा अंत्यविधीच्या व्यवस्थेचा. त्याची गोष्ट अशी सांगतात, की गावातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसणारी बाई त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको होती आणि स्ट्रोजरकडे येणारे फोन ती गुपचूप नवऱ्याकडे जोडून देई. गिऱ्हाईक का येत नाही हे या माणसाला कळेना. कळले तेव्हा त्याने मधल्या माणसाशिवाय चालणारे यंत्रच शोधून काढले. १८९१ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी तसे पहिले एक्स्चेंज सुरू झाले. पुढे कित्येक दशके जगभर आणि आपल्या देशातही त्याच्या नावाची खडखडणारी एक्स्चेंजे चालली. प्रतिस्पर्ध्याच्या बायकोचा भाग खरा असो की रचलेला, मला त्यातली ती बाई महत्त्वाची वाटते. फोन कोणाचा यापेक्षा मधे कोण बसले आहे याला महत्त्व असते. अकोल्याच्या फोनसाठी अमरावतीला मी त्या खुर्चीवर बसलो होतो.

मधली माणसे आपल्याकडेही होती, पण त्यांची जात वेगळी. ज्यांनी १९८०-९० चे दिवस पाहिले त्यांना पी. पी. नंबर आठवत असेल. पत्रिकेवर, कार्डावर नंबर छापायचा आणि पुढे पी. पी. लिहायचे. म्हणजे फोन आमचा नव्हे, शेजाऱ्यांचा. पण ते बोलावून देतात. आमचा पी. पी. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे होता. डॉक्टरीणबाई गच्चीच्या कठड्यावरून हाक मारीत आणि आम्ही चप्पल न घालता पळत सुटायचो. फोन ट्रंक कॉल असेल तर त्यांची हाक वेगळी असे, आवाजावरूनच कळे. घरी कोणी नसले तर कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे निरोप लिहून ठेवीत: कोणाचा, किती वाजता, काय म्हणाले. संध्याकाळी तो कागद दाराच्या कडीत असे. फोन वळवणे म्हणा किंवा निरोप साठवणे म्हणा, दोन्ही सोयी आमच्या मोहल्ल्याला त्या काळातच होत्या. त्या बाई निरोप विसरल्या असे एकही उदाहरण मला आठवत नाही.

मी विसरलो. फेब्रुवारी २०२४. दर्यापूरहून धाकट्या मावशीचा फोन आला. तिच्याकडे स्वतःचा मोबाईल नव्हता. सून मोकळी असली की तिच्या फोनवरून लावून घ्यायची. तिने लावला होता आईच्या लँडलाइनला. दर्यापूर ते अकोला, अकोल्यात लँडलाइनवरून मोबाईलवर, तिथून अमरावतीला माझ्या खिशात असा प्रवास करून तो आला तेव्हा मी एका मित्राच्या मुलाच्या साखरपुड्यात होतो. “तू काहून उचलला? बाई कुठी हाय?” तिने विचारले. आईला ती बाई म्हणे. मी म्हटले, आई झोपली असेल, सांगतो. ती म्हणाली, “तिले सांग, तुरीची दाय काढून ठेवली तिच्यासाठी. एक दिवस येऊन जाय म्हणा.” चार दिवसांनी पुन्हा तिचा फोन आला. मी गाडी चालवत होतो. पुन्हा म्हटले, सांगतो.

पुढच्या आठवड्यात मावशी गेली. हृदयविकार, पहाटे, कोणालाही काही करायला वेळ मिळाला नाही.

दर्यापूरच्या घरी बायकांत बसलेली आई दोन-तीनदा एकच वाक्य म्हणत होती, “तीन महिन्यांत माह्या बहिणीनं मले एक फोन नाही केला.” मावसभावाला ते सहन झाले नाही. तो म्हणाला, “केले ना मावशी. दोनदा केले. भाऊनं उचलले.” आईने माझ्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही. परतताना गाडीत, मुर्तिजापूरच्या पुढे कुठेतरी, तिने विचारले, “आणखी कोणाकोणाचे आले होते?” मी आठवतील तेवढी नावे सांगितली. ती बोटे मोजत होती. तीन महिने लोक आपल्याला विसरले असे ती धरून चालली होती. आपल्या वयात असेच होते, अशी तिने स्वतःची समजूतही घातली होती.

मी दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करणार होतो. तिने थांबून राहिली नाही. सकाळीच रिचार्जच्या दुकानात जाऊन तिथल्या पोराकडून सगळे काढून घेतले. हॅश-हॅश-शून्य-शून्य-दोन-हॅश हे बटण दाबले की त्या मोबाईलवरचे सगळे वळवलेले फोन एकदम रद्द होतात. हे त्याला माहीत होते, मला नव्हते. लँडलाइनसाठी तिने त्यालाच कंपनीच्या कचेरीत पाठवले. मला कळले ते माझा फोन गप्प झाला तेव्हा. लावून विचारले तर म्हणाली, “फोन माहा हाये का तुहा?”

माझी मुलगी आणि भाचा या दोघांचे म्हणणे आजही असे, की एवढे मनाला लावून घेऊ नये. आजी पडली, फोनपर्यंत जाता आले नाही तर काय? सगळे फोन एकाकडे येणे हेच सुरक्षित. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण आजी पडली तर बाहेरून येणारा फोन वळवून काय होणार? तिला बाहेर फोन लावता यावा, त्यासाठी तो तिच्या बटव्यात आणि चार्ज केलेला हवा. सगळे फोन वळवल्याने निश्चिंत होतो तो आपण. म्हाताऱ्या माणसाचा फोन म्हणजे त्याच्या घराचा दरवाजा. आपण काळजीपोटी दुसऱ्या गावी त्याची कडी लावून बसतो, आणि आलेल्या पाहुण्याला ‘सांगतो’ म्हणून परत पाठवतो.

सुरक्षिततेचे म्हणाल तर याच सोयीने चोरांचे किती फावले ते पाहा. ‘आम्ही टेलिफोन कंपनीतून बोलतो, तुमच्या सिमकार्डात बिघाड आहे, स्टार-४०१ लावून पुढे अमुक नंबर दाबा’ असे सांगायचे. भाबडा माणूस दाबतो आणि त्याचे सगळे फोन चोराकडे वळतात. मग चोर त्याच्या नावाने बँकेत किंवा व्हॉट्सॲपमध्ये शिरू पाहतो. खात्रीसाठी सांकेतिक आकडे सांगणारा फोन येतो तो थेट चोराच्याच कानात. हे प्रकार इतके वाढले की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून असे आकडे दाबून फोन वळवण्याची सोय पुढील आदेशापर्यंत बंद ठेवायला सगळ्या कंपन्यांना सांगितले. ज्यांना ती हवी त्यांनी दुसऱ्या मार्गाने पुन्हा सुरू करून घ्यावी, असे ठरले. मला या बातमीत एकच गोष्ट टोचली. चोराने फोन वळवला आणि मुलाने वळवला, तर म्हाताऱ्या माणसाला घरात बसून जाणवणारे लक्षण एकच, फोन वाजायचा थांबतो. माझी आई तीन महिने ते लक्षण लोकांच्या माथी मारत होती. कोणाच्या आई-वडिलांचा फोन अचानक शांत झाला असेल तर त्यांनी पुढच्या रविवारी जाऊन त्याची सेटिंग उघडून पाहावी. फसवणूक झालीच तर १९३० हा नंबर आहे.

मग निरोप साठवणारी व्हॉइसमेलची सोय का नको, असे भाच्याने विचारले. अमेरिकेत ती १९८० च्या दशकापासून चालते आहे. आपल्याकडे ती फारशी रुजली नाही, आणि त्याचे कारण आपण मागास आहोत हे नव्हे. १९९५ मध्ये मोबाईल आले तेव्हा येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. मे २००३ पासून ते बंद झाले, करणाऱ्यानेच भरायचे असे ठरले. मग ज्याच्या खिशात कमी त्याने मिस्ड कॉलची भाषा शोधली. एक घंटी म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे खाली ये. फुकटात निरोप जात असताना यंत्राशी बोलायला पैसे कोण देईल? शिवाय यंत्राशी बोलणे आपल्या लोकांना जमतही नाही. मुंबईच्या आमच्या मेहुण्यांनी तेव्हा निरोप टिपणारे यंत्र आणले होते. वडिलांनी फोन केला, यंत्राने ‘बीप वाजल्यावर बोला’ म्हटले, आणि वडील पूर्ण वेळ ‘हॅलो, हॅलो, ऐकू येते का’ एवढेच ओरडत राहिले. नंतर त्यांनी पोस्टकार्ड टाकले. हीच माणसे २०१३ मध्ये व्हॉट्सॲपवर आवाजाचे निरोप सुरू झाल्यावर मात्र दोन-दोन मिनिटे बोलू लागली, कारण तिथे समोर यंत्र नाही, ओळखीचा चेहरा आहे.

मिस्ड कॉलवरून आठवले. २०१९ मध्ये आपल्या मोबाईल कंपन्यांत एक मजेदार भांडण झाले. त्या वेळी एका कंपनीचा फोन दुसरीकडे गेला की पहिलीने दुसरीला मिनिटाला ६ पैसे द्यावे लागत. तेव्हा फोन वाजण्याची वेळ कमी केली तर समोरचा उचलायच्या आत तो तुटेल, मग तोच उलट फोन करील आणि पैसे आपल्याला मिळतील, असे हिशेब घातले जात असल्याचा आरोप एकमेकांवर झाला. शेवटी १ नोव्हेंबर २०१९ रोजी ‘ट्राय’ने ठरवून दिले, की कोणी उचलला नाही तर मोबाईल ३० सेकंद वाजला पाहिजे आणि लँडलाइन ६० सेकंद.

हे आकडे वाचल्यावर मी अकोल्याला घड्याळ घेऊन आईबरोबर चाललो. तुळशीपासून दिवाणखान्यातल्या फोनपर्यंत, मधे एक उंबरा आणि दोन पायऱ्या. ४० सेकंद. म्हणजे मोबाईल मधल्या खोलीत असेल तर ती पोहोचेपर्यंत तुटलेलाच असणार. लँडलाइन मात्र पोहोचून, खुर्चीत बसून, चष्मा लावून उचलता येते. घरोघरी लोक लँडलाइन परत करत सुटले आहेत. ज्यांच्या घरी ऐंशीच्या घरातले माणूस आहे त्यांनी ती ठेवावी, असे माझे मत झाले आहे. महिन्याच्या भाड्यात आपण ते जास्तीचे ३० सेकंद विकत घेत असतो.

आता आमच्याकडे व्यवस्था अशी. लँडलाइन कुठेही वळत नाही. मोबाईलवर तिसरा प्रकार तेवढा ठेवला आहे, उचलला नाही तरच वळवायचा. किती सेकंदांनी वळवायचा हे पाचाच्या पटीत ५ ते ३० पर्यंत ठरवता येते. आम्ही ३० ठेवले. काही फोनच्या सेटिंगमध्ये ही निवड दिसत नाही, तिथे कंपनीच्या केंद्रातून करून घ्यावी लागते. हे सगळे आईसमोर, तिला विचारून केले. एक अट तिने घातली. माझ्याकडे वळून आलेला प्रत्येक फोन मी वहीत लिहायचा: कोणाचा, किती वाजता, काय म्हणाले, आणि रात्री आठला तो तिला वाचून दाखवायचा. डॉक्टरीणबाईंचे नाव तिने घेतले नाही, पण मला कळायचे ते कळले.

मागच्या गुरुवारी मावसभावाचा दर्यापूरहून फोन आला. मावशीच्या नातीचे लग्न ठरले. मी वहीत लिहिले, पाच वाजून दहा मिनिटे, आणि आठची वाट न पाहता लगेच लँडलाइन लावली. बराच वेळ वाजत होती. पायऱ्या, उंबरा, खुर्ची, चष्मा. शेवटी उचलली.

“मावशीकडून फोन होता,” मी म्हटले.

“हाव, माहीत हाये,” आई म्हणाली. “त्यानं मंग इकडे घरच्या फोनवर केला. मीनंच उचलला.”